बातमीला धनी हवा



मी इंदूरहून बोलतोय. भारतीय सैन्याच्या सिग्नल्स कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या कामात, माझी सारी नोकरी गेली. आता साठी उलटली. या मालिकेच्या संयोजकांनी मला विषय दिला, ‘छापील वर्तमानपत्रं आणि आपली बातम्या वाचण्याची बदललेली सवय’. मी म्हटलं, अहो, हा विषय एखाद्या संपादकाला द्या. ते म्हणाले, संपादक कागदाची बाजू घेणार, तरुण मुलं मोबाइलची घेणार, तुम्ही मधले. मग विचार केला, की आपण आयुष्यभर दुसरं केलं तरी काय? एकाने दिलेली बातमी दुसऱ्यापर्यंत जशीच्या तशी आणि वेळेत पोचवली, आणि ती कोणी, कधी दिली याची नोंद ठेवली. तेव्हा त्याच नजरेतून आज बोलतो.

आधी परिस्थिती काय आहे ते बघू. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास रोज ६ कोटी ३० लाखांवर वर्तमानपत्रं खपत होती. २०२२ मध्ये हा आकडा, इंटरनेटवरचे वर्गणीदार धरूनसुद्धा, जेमतेम २ कोटींवर आला. इंग्लंडचं ‘इंडिपेंडंट’ २०१६ च्या मार्चमध्ये शेवटचं छापलं गेलं, आता ते फक्त पडद्यावर आहे. ऑस्ट्रियाचं ‘वीनर त्साइटुंग’ १७०३ साली सुरू झालेलं. आपल्याकडे तेव्हा औरंगजेब गादीवर होता. ते ३२० वर्षं चाललं आणि ३० जून २०२३ ला त्याचा छापील दैनिक अंक थांबला.

आपल्या देशात गाडी उताराला जरा उशिरा लागली. २०१७ च्या वाचक पाहणीत महिन्याभरात एकदा तरी वर्तमानपत्र हातात घेणारे सुमारे ४० कोटी ७० लाख लोक होते, २०१९ च्या सुरुवातीला ते ४२ कोटी ५० लाख झाले. म्हणजे जग खाली जात असताना आपण वर चाललो होतो. कारण सरळ आहे. आपल्याकडे साक्षरता वाढत होती, आणि ज्या घरात पहिल्यांदाच कोणी वाचायला शिकलं, त्या घरात पहिली येणारी वस्तू वर्तमानपत्र असायची. घरपोच मिळायचं, चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडायचं, आणि महिनाअखेरीस रद्दीचे पैसे परत यायचे.

मग दोन धक्के बसले. पहिला २०१६ च्या सप्टेंबरचा. जिओ आलं आणि मोबाइलचा डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला. दुसरा मार्च २०२० चा. करोनाच्या भीतीने लोकांनी पेपर घरात घेणं बंद केलं. मुंबईसारख्या शहरात त्या महिन्याच्या शेवटी काही दिवस छापील वर्तमानपत्र निघालंच नाही. त्याच वर्षी कितीतरी आवृत्त्या कायमच्या बंद झाल्या. ‘मुंबई मिरर’ दैनिकाचं साप्ताहिक झालं, ‘पुणे मिरर’ बंद करण्यात आलं. पेपर घेण्याची सवय ही पहाटे उठण्याच्या सवयीसारखी असते. एक महिना मोडली की पुन्हा लावायला फार जोर लागतो. पुष्कळ घरांत ती लागलीच नाही.

आता माझ्या कामाकडे येतो. सैन्यात बिनतारी यंत्रावर किंवा तारेवर जो अधिकृत संदेश जायचा, त्याचा एक छापील नमुना असायचा, मेसेज फॉर्म. त्यात मजकुराच्या आधी काही चौकटी भराव्या लागत. संदेश कोणाकडून, म्हणजे मूळ धनी कोण. तारीख आणि वेळ. आणि निकड, म्हणजे हा संदेश किती तातडीचा. निकडीच्या चार पायऱ्या असत: फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी आणि रूटीन. या चौकटी रिकाम्या असल्या, तर संदेश कितीही महत्त्वाचा वाटो, सिग्नल सेंटर तो घ्यायचंच नाही. पाठवणारा ब्रिगेडिअर असला तरी काउंटरवरचा हवालदार म्हणायचा, साहेब, फॉर्म पुरा करा.

निवृत्तीनंतर एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की छापील वर्तमानपत्र म्हणजे मुळात भरलेला मेसेज फॉर्मच आहे. त्यात तिन्ही चौकटी असतात. एकेक पाहू.

पहिली, मूळ धनी. पेपरच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, छापण्याचं ठिकाण, संपादक. आपण ती कधी वाचत नाही. पण ती ओळ १८६७ च्या कायद्याने तिथे आणली. इंग्रजांनी तो कायदा केला तो लिहिणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी, यात शंका नाही. पण त्यामुळे एक गोष्ट पक्की झाली, छापलेल्या प्रत्येक शब्दाला कोणीतरी जबाबदार असणार. ‘केसरी’तल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले आणि दुसऱ्या खेपेला सहा वर्षांची शिक्षा भोगायला ते मंडालेला गेले. त्यांनी ‘मला हे असंच कुठूनतरी आलं होतं, मी पुढे पाठवलं’ असं म्हटलं नाही. जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवा आला, पण वर्तमानपत्राला धनी आजही लागतो. आणि तुमच्या फोनवर आलेल्या मजकुराचा धनी कोण? ‘आला तसा पाठवला’, इतकंच.

दुसरी चौकट, तारीख. पेपरच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख असते, बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव असतं. उंचावरच्या चौक्यांवर आमच्याकडे पेपरांचा गठ्ठा रेशनबरोबर यायचा. आठवड्याचे अंक एकदम. जवान ते तारखेप्रमाणे लावायचे आणि एकेक दिवस पुढे सरकत वाचायचे. पुढचा अंक कोणी आधी उघडला तर बाकीचे रागवायचे, कारण सामन्याचा निकाल फुटायचा. ‘सैनिक समाचार’ही यायचं. हे नियतकालिक १९०९ मध्ये ‘फौजी अखबार’ या नावाने सुरू झालं आणि आज मराठी धरून १३ भाषांत निघतं. आमची बातमी शिळी असायची, पण किती शिळी ते आम्हाला ठाऊक असायचं. फोनवर मात्र पाच वर्षांपूर्वीचा पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो, आणि माणसं नातेवाइकांना फोन करत सुटतात.

तिसरी चौकट निकडीची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं आहे. संपादकाचं निम्मं काम म्हणजे निकड ठरवणं. कुठली बातमी पहिल्या पानावर आठ कॉलम, कुठली सातव्या पानावर चार ओळी. ते चुकत असेल, त्यावर भांडता येईल, पण कोणीतरी ते ठरवलेलं असायचं. आता टीव्हीवर आणि फोनवर सगळंच ‘ब्रेकिंग’. सिग्नल्समध्ये एक साधा नियम शिकवतात. प्रत्येक युनिट आपला संदेश फ्लॅश म्हणून पाठवू लागलं, तर लाइन तुंबते आणि खरा फ्लॅश अडकून पडतो. आपल्या डोक्याची लाइन आज तशी तुंबली आहे. नटाचं लग्न, पालिकेचा अर्थसंकल्प, सीमेवरचा गोळीबार, सगळं एकाच ‘टिंग’ आवाजात येतं.

तुम्ही म्हणाल, कर्नल, यात एवढं काय बिघडलं? बिघडतं ते सांगतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात फोनवरून पसरले होते. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं त्या दिवशी तिथे उतरली. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही गेले. टोळी वगैरे काही नव्हती. त्या संदेशाला ना नाव होतं, ना तारीख, ना गाव. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि खोटे संदेश कसे ओळखावेत हे लोकांना सांगायला त्यांनी काय केलं असेल? छापील वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. विश्वासाने सांगायचं तर कागदावर सांगावं लागतं, हे त्यांनाही माहीत होतं.

दुसरी गोष्ट माझ्या बिरादरीची. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरचे चार दिवस. त्या रात्री व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फोनाफोनी फिरली. जुने स्फोट, दुसऱ्याच देशातले हल्ले, सगळं आजचं म्हणून आलं. शेजारच्या देशातलं एक बंदर बेचिराख झाल्याचं काही वाहिन्यांनी सांगून टाकलं. तसं काही झालेलं नव्हतं. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला एकेक खोटं खोडत बसावं लागलं. आता जिचा नवरा त्या रात्री सीमेवर आहे, अशी एक सून डोळ्यांसमोर आणा. घरात सासू-सासरे आहेत, लहान मूल आहे, आणि फोनवर दर दोन मिनिटांनी कोणीतरी अमुक चौकी पडल्याचं पाठवतंय. पाठवणाऱ्याची करमणूक होते, पण त्या घराने ती रात्र कशी काढायची?

आणि हे फक्त मनस्तापापुरतं नसतं. २६/११ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. आता दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला नियमाने बंदी आहे. पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सैन्याची गाड्यांची रांग दिसली की अभिमानाने व्हिडिओ काढून टाकणारा माणूस देशभक्तच असतो. पण त्या व्हिडिओचा उपयोग कोणाला होतो, याचा विचार त्याने करायला हवा.

मग बातमी पारखायची कशी? त्यासाठी सैन्याची एक जुनी पद्धत सांगतो, घरी वापरता येईल अशी. गुप्तवार्ता विभागात आलेल्या माहितीला एक अक्षर आणि एक आकडा देतात. अक्षर माहिती देणाऱ्यासाठी, ए पासून एफ पर्यंत. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा. एफ म्हणजे भरवशाचा आहे की नाही हे सांगताच येत नाही. आकडा माहितीसाठी, १ पासून ६ पर्यंत. १ म्हणजे दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून खात्री झालेली. ६ म्हणजे खरी-खोटी ठरवता येत नाही. यातली मेख अशी, की दोन्हींची पारख वेगवेगळी करायची. माणूस ए असला तरी त्याची माहिती ५ असू शकते.

आता आपलं काय होतं बघा. आपल्या ग्रुपवर एखादे निवृत्त प्राचार्य असतात, सज्जन, विद्वान. त्यांनी काही पाठवलं की आपण म्हणतो, सरांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार. अहो, सर नुसते पोस्टमन आहेत. पोस्टमन सज्जन आहे म्हणून पाकिटातलं पत्र खरं ठरत नाही. पत्र लिहिलं कोणी, हा प्रश्न उरतोच. आणि तोच मजकूर पाच ग्रुपवर आला म्हणजे पाच ठिकाणांहून खात्री झाली, असंही नाही. एकाच मूळ संदेशाच्या त्या पाच झेरॉक्स असतात. खात्री तेव्हा, जेव्हा दोन वेगळ्या माणसांनी, आपापल्या पायांनी तिथे जाऊन, तेच पाहिलेलं असतं.

आता कागदाची आरती ओवाळायला मी इथे आलेलो नाही. छापलं म्हणजे खरं, असं कधीच नव्हतं. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती बातमीच्या वेषात छापून आली, तीही पैसे घेऊन. पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं, आणि प्रेस कौन्सिलच्या समितीने त्यावर मोठा अहवाल लिहिला. पण गंमत बघा, हे पकडता कसं आलं? वेगवेगळ्या पेपरांत शब्दन् शब्द तोच मजकूर छापलेला सापडला म्हणून. कागद तिथेच होता, तारखेसकट. तो कोणाला मागे घेता आला नाही. पडद्यावरची बातमी रात्रीत बदलते, आणि सकाळी आपण आधी काय वाचलं होतं हे सिद्ध करता येत नाही.

आणखी एक गोष्ट, पैशांची. पेपरची किंमत म्हणून आपण जे देतो, त्यातून कागदाचाही खर्च धड निघत नाही. बाकीचा भार जाहिराती उचलत होत्या. नोकरीच्या, घरांच्या, लग्नाच्या त्या छोट्या जाहिराती सगळ्यात आधी इंटरनेटवर गेल्या, मोठ्या नंतर गेल्या. मग कात्री कुठे लागते? राजधानीतल्या मोठ्या नावांना लागत नाही. ती लागते तालुक्याच्या वार्ताहराला. नगरपालिकेच्या सभेत मागच्या बाकावर बसून कोणत्या रस्त्याचं कंत्राट कोणाला मिळालं हे लिहून घेणारा तो एकटा माणूस. अमेरिकेत तीन अभ्यासकांनी हे तपासलं. त्यांना दिसलं, की जिथलं स्थानिक वर्तमानपत्र बंद पडलं, तिथल्या स्थानिक संस्थांना कर्ज काढताना जास्त व्याज मोजावं लागू लागलं. कर्ज देणाराही म्हणतो, यांच्यावर आता कोणाची नजर नाही, जोखीम जास्त. ते जास्तीचं व्याज भरणार कोण? पेपरचे चार रुपये वाचवणारा नागरिकच.

आपण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी तर हे जास्त मनावर घ्यायला हवं. हिंदी वर्तमानपत्रं उभी करण्यात आपल्या माणसांचा हात मोठा आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं. बाबूराव विष्णु पराडकर बनारसच्या ‘आज’चे संपादक झाले. आमच्या इंदुरात ‘नई दुनिया’ घडवणारे राहुल बारपुते मराठीच. ज्या गावात राहायचं तिथल्या भाषेत तिथली बातमी द्यायची, हे त्यांनी करून दाखवलं. आज आपल्यापैकी कित्येक जण महाराष्ट्रातल्या राजकारणाचे व्हिडिओ तासन् तास बघतात, आणि आपल्या वॉर्डातलं पाणी दोन दिवसांआड का येतं हे त्यांना ठाऊक नसतं.

फोनवर माझा राग नाही. उलट आपल्यासारख्यांवर त्याचे उपकारच आहेत. पूर्वी परप्रांतात मराठी पेपर हाती पडायचा तो एक-दोन दिवस उशिरा. आता तोच अंक पहाटे ई-पेपर म्हणून उघडतो, जसाच्या तसा, पानं, तारीख, मुद्रकाची ओळ सगळं धरून. मोतीबिंदू झालेल्यांना अक्षर मोठं करता येतं, नातवाकडून ऐकताही येतं. कागद जाईल. आज ना उद्या जाईल, त्याला इलाज नाही. तारयंत्रही गेलं, जुलै २०१३ मध्ये शेवटची तार गेली तेव्हा आम्हा सिग्नल्सवाल्यांना वाईट वाटलं, पण जग थांबलं नाही. तार गेली म्हणून आम्ही मेसेज फॉर्म फेकून दिला नाही. नव्या यंत्रावर त्याच चौकटी भरत राहिलो. माझं म्हणणं एवढंच आहे. कागद जाऊ द्या, चौकटी ठेवा.

म्हणून जाता जाता चार कामं सांगतो, म्हातारा माणूस आहे, सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

एक. दिवसातून दोन वेळा ठरवा, सकाळ आणि संध्याकाळ, आणि बातम्या तेव्हाच वाचा. मधल्या वेळच्या सूचना बंद करून टाका. खरोखरच फ्लॅश असेल तर शेजारी दार वाजवतील.

दोन. एका तरी वर्तमानपत्राचे पैसे भरा. कागदावर घ्या नाहीतर पडद्यावर घ्या, पण विकत घ्या. आणि जमलं तर तुम्ही राहता त्या गावचं घ्या.

तीन. घरात शाळकरी मूल असेल तर रोज पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर एक अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळा. फोन त्याला तेच दाखवतो जे त्याला आवडतं. क्रिकेट शोधता शोधता शेतमालाच्या भावावर, किंवा ज्या राज्याचं नावही त्याने ऐकलं नाही तिथल्या संपावर त्याची नजर पडली पाहिजे. न मागितलेली बातमी वाचण्याने माणूस नागरिक होतो.

चार, आणि हे आजच करा. तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक नियम घाला. कोणीही काही पुढे पाठवलं, की बाकीच्यांनी प्रेमाने तीनच प्रश्न विचारायचे: हे मूळ कोणी लिहिलं? कधीचं आहे? आत्ताच्या आत्ता आम्हाला कळणं का गरजेचं आहे? उत्तर नसेल तर पाठवणाऱ्याने तो संदेश काढून टाकायचा. काका रुसतील, मावशी चार दिवस बोलणार नाहीत. चालेल. काउंटरवरच्या हवालदारासारखं हसून सांगा, साहेब, फॉर्म पुरा करा.

 जय हिंद.